दोन जबान्यांची रुजुवात

ब्राउझर उघडताच आपण कधीही न नेमलेले पृष्ठ समोर येणे, शोधाच्या उत्तरांतील दुव्यावर टिचकी मारली असता भलत्याच दुकानाच्या दारात जाऊन पोहोचणे, एक जाहिरात मिटवावी तर तिच्या जागी दोन उभ्या राहणे, आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे आपण दुरुस्त केलेली प्रत्येक गोष्ट संगणक पुन्हा सुरू करताच पूर्ववत बिघडलेली आढळणे, या तक्रारी गेल्या पाव शतकात संगणक बाळगणाऱ्या असंख्य घरांनी व कचेऱ्यांनी अनुभवल्या आहेत. सामान्य मनुष्य यावर पहिला उपाय करतो तो ब्राउझर काढून टाकून नव्याने बसवण्याचा, आणि त्याने बहुधा गुण येत नाही. कारण व्यथा ब्राउझरमध्ये प्रकट होत असली तरी तिचे मूळ तेथेच असते असे नाही. ते कधी विंडोजच्या रजिस्ट्री नामक दफ्तरात, कधी ब्राउझरपासून जाळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, कधी चकतीच्या अगदी पहिल्या खंडात, तर कधी घराच्या भिंतीवर टांगलेल्या राउटरमध्ये दडलेले असते. हे मूळ हुडकून काढण्याची विद्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतून आली नाही. ती दुरुस्तीच्या दुकानांत, हौशी विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आणि थोड्याशा चिकाटीच्या संशोधकांच्या मेजांवर वाढली. आणि ज्या विद्येने लाखो लोकांची यंत्रे त्यांना परत मिळवून दिली, तिचा इतिहास आपल्या वाचकांना इतका अल्प परिचित असावा याची मला मनापासून खंत वाटते.

या विद्येपुढील मुख्य अडचण आरंभापासून एकच राहिली आहे. छुपी आज्ञावली नुसती लपून बसत नाही. ज्या साधनांनी तिला पाहावयाचे त्या साधनांचाच ती ताबा घेते. फायलींची यादी मागावी तर ती तिच्या हातून गाळून येते, चालू असलेल्या कामांची नोंद पाहावी तर तिचे नाव त्यातून वगळलेले असते, आणि चकतीचा एखादा खंड वाचावा तर त्याच्या जागी निर्दोष असा दुसराच मजकूर वाचणाऱ्याच्या हाती दिला जातो. गावच्या वहीत ज्याने खोटी नोंद केली त्याच कुळकर्ण्याला ती वही वाचून दाखवावयास सांगितले, तर मामलेदाराला खोट कशी सापडावी? त्याने स्वतः शेतावर जाऊन जमीन मोजली पाहिजे, आणि मोजणीची व वहीची रुजुवात घेतली पाहिजे. संगणकाच्या या चिकित्सेत जी जी महत्त्वाची पावले पडली ती सर्व, माझ्या मते, अशी रुजुवात घेण्याची नवी रीत सापडल्यामुळे पडली आहेत.

त्यांतले पहिले पाऊल ब्राउझरच्या जन्मापूर्वीचे आहे. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या प्रारंभखंडात वस्ती करी, आणि कोणी तो खंड वाचू लागले की आधीच बाजूला काढून ठेवलेला मूळ खंड त्याच्यापुढे ठेवी. १९९० साली भारतात आढळलेला ‘जोशी’ हा विषाणू याच कुळातला, किंबहुना त्याहून धूर्त. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी, ‘हॅपी बर्थडे जोशी’ ही अक्षरे टंकित करण्याचा हुकूम सोडी, आणि तो पाळल्यावाचून यंत्र पुढे हलत नसे. एरवी मात्र आपल्या अस्तित्वाची यत्किंचितही खूण तो पटू देत नसे. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी तो स्मृतीत टिकून राही, आणि प्रारंभखंड तपासू पाहणाऱ्याला तोही जुना, स्वच्छ खंडच दाखवी. यावरचा उपाय साधा होता, पण त्यातील तत्त्व फार खोल होते. संगणकाची वीज पूर्णपणे तोडावी, लेखनबंदी केलेल्या निर्दोष फ्लॉपीवरून तो सुरू करावा, आणि मग चकतीकडे पाहावे. म्हणजे पाहणारा हा तिचा अंकित न राहता बाहेरचा साक्षीदार होतो.

त्या काळी पुण्यात हे काम पोटापाण्यासाठी करणारी माणसे होती, आणि त्यांतूनच महाराष्ट्राचा या इतिहासाशी खरा संबंध जुळतो. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर हे गणकयंत्रांच्या दुरुस्तीपासून संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले आणि १९९३ साली त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही पेढी काढली. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांपैकी कितीतरी यंत्रांचा कोणताही भाग बिघडलेला नसून ती विषाणुबाधित असतात, आणि आज स्वच्छ करून दिलेले यंत्र तीच बाधा घेऊन पुन्हा दुकानात येते, हा अनुभव वारंवार आल्यावर संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी एकेका विषाणूवर स्वतंत्र उतारा लिहावयास आरंभ केला, आणि त्या उताऱ्यांच्या संग्रहातून ‘क्विक हील’ हे उत्पादन उभे राहिले. दुरुस्तीच्या मेजावर बसलेल्या मनुष्याला रोगाचे जे ज्ञान होते ते प्रयोगशाळेतल्या मनुष्याला होत नाही, असे मी म्हणणार नाही. तथापि रोग्याची तक्रार एक आणि रोगाचे स्थान दुसरे, हा धडा प्रथम दुकानदारच शिकतो.

पुढे ब्राउझर आला आणि लपण्याच्या जागा एकाएकी शतपटीने वाढल्या. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्हएक्स’ नावाची जी व्यवस्था प्रचारात आणली तिच्यानुसार एखादे पृष्ठ आपल्यासोबत आज्ञावली पाठवू शके, आणि वापरणाऱ्याने एकदा संमती दिली की त्या आज्ञावलीला संगणकावर मालकाइतकाच अधिकार मिळे. संरक्षणाची भिस्त होती ती केवळ शिक्क्यावर, म्हणजे आज्ञावली कोणी लिहिली हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रावर. फ्रेड मॅक्लेन नावाच्या अमेरिकन आज्ञावलीकाराने त्याच वर्षी रीतसर प्रमाणपत्र मिळवून ‘इंटरनेट एक्स्प्लोडर’ नावाची एक नियंत्रिका लिहिली आणि जो कोणी तिचे पृष्ठ उघडील त्याचा विंडोज ९५ चा संगणक ती बंद करून टाकी. १९९७ च्या आरंभी हँबुर्गच्या केऑस कॉम्प्युटर क्लबने याच मार्गाने ‘क्विकन’ या हिशेबाच्या आज्ञावलीत मालकाच्या नकळत पैसे वळते करण्याचा हुकूम घुसवता येतो हे जाहीरपणे करून दाखविले. शिक्का माणसाची ओळख पटवतो, त्याच्या हेतूची हमी देत नाही, ही गोष्ट या दोघांनी अत्यंत स्वच्छपणे सिद्ध केली असताही ती व्यवस्था पुढे कित्येक वर्षे तशीच चालू ठेवली गेली. आणि हा मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठा अपराध वाटतो, कारण पुढील दशकातील बहुतेक दुःख या एका हट्टातून निपजले.

त्याच सुमारास, १९९७ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ४ बरोबर, ‘ब्राउझर हेल्पर ऑब्जेक्ट’ ही सोय आली. ब्राउझर सुरू होताना तो रजिस्ट्रीतील एका ठरावीक यादीवरून नजर फिरवी आणि तीत नोंदलेली प्रत्येक डीएलएल, म्हणजे दुसऱ्या आज्ञावलीत भरावयाची आज्ञाफाईल, आपल्या पोटात भरून घेई; ती आत गेली की वापरणारा कोणते पृष्ठ उघडतो, काय लिहितो, हे सर्व तिला दिसे आणि हवे ते तिला बदलता येई. हेतू चांगला होता, कारण अन्य उत्पादकांनी ब्राउझरला नवी अंगे जोडावीत अशी अपेक्षा होती. परंतु ही यादी वापरणाऱ्याला पाहता येईल असे कोणतेही स्थान ब्राउझरात ठेवलेले नव्हते. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला तेव्हा कोठे जोडअंगांची यादी पाहण्याची आणि ती बंद करण्याची खिडकी लोकांना मिळाली. मधली सुमारे सात वर्षे घरात कोण राहते हे घरमालकाला विचारताच येत नव्हते.

या सात वर्षांत जे भाडेकरू आले त्यांतले पहिले जाहिरातवाले होते. फुकट मिळणाऱ्या आज्ञावल्यांबरोबर ‘ऑरिएट’सारखी जाहिरातयंत्रे बेमालूम येऊन बसत, आणि मूळ आज्ञावली काढली तरी ती मागे राहत. १९९९ साली ‘ॲड-अवेअर’ निघाले. २००० साली स्टीव्ह गिब्सन यांनी ‘ऑप्टआउट’ हे लहानसे साधन लिहिले. आणि जर्मनीतील पॅट्रिक कोला यांचे ‘स्पायबॉट’ त्याच सुमारास आकारास आले. ही साधने ओळखीच्या अपराध्यांची यादी घेऊन फिरत आणि यादीतला कोणी दिसला की त्याला काढून टाकत. अपराधी वेश पालटत नव्हते तोवर ही रीत पुरी पडली.

मे २००३ च्या सुमारास ती अपुरी ठरली. ‘कूलवेबसर्च’ या नावाने ओळखले जाणारे जे पीक तेव्हापासून उगवू लागले त्याने ब्राउझरचिकित्सेला खऱ्या अर्थाने शास्त्राचे रूप घेणे भाग पाडले, आणि म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबणे अगत्याचे आहे. शोधपृष्ठाकडे आणून सोडलेल्या प्रत्येक पाहुण्यामागे मोबदला देण्याची पद्धत असल्यामुळे अनेक अज्ञात मंडळी एकाच पृष्ठाकडे लोकांना बळाने वळवू लागली, आणि प्रत्येकाने आपली निराळी युक्ती योजली. शिरकाव करण्यासाठी पुष्कळदा मायक्रोसॉफ्टच्या जावा यंत्रणेतील एका उणिवेचा उपयोग केला जाई. ती उणीव बुजवणारी दुरुस्ती एप्रिल २००३ मध्येच प्रसिद्ध झाली होती, पण ती ज्यांनी घेतली नव्हती अशांची संख्या अपार होती.

पहिल्या प्रकारांपैकी ‘डेटानोटरी’ या नावाने नोंदला गेलेला प्रकार मला विशेष बोधप्रद वाटतो. त्याच्या रोग्यांची तक्रार अशी असे की, ब्राउझरमधील कोणत्याही चौकटीत काही लिहू लागले की अक्षरे उमटावयास फार विलंब लागतो. डीएलएल सापडत नसे, जोडअंग सापडत नसे, संगणक सुरू होताना चालू होणाऱ्या आज्ञावल्यांच्या यादीत काही वावगे नसे. शेवटी कारण निघाले ते असे की, दृष्टी अधू असलेल्या वाचकांना सर्व पृष्ठे मोठ्या अक्षरांत पाहता यावीत म्हणून वापरणाऱ्याची स्वतःची शैलीपत्रिका प्रत्येक पृष्ठाला लावण्याची जी सोय ब्राउझरात होती, तिच्या जागी एक परकी पत्रिका लावून दिलेली होती, आणि त्या पत्रिकेच्या पोटात चालती आज्ञा दडवलेली होती. ती प्रत्येक पृष्ठावर पुनःपुन्हा चाले, आणि म्हणून अक्षरे रेंगाळत. रंग आणि अक्षरांचे आकार सांगणाऱ्या कागदातून कोणी हल्ला करील हे तोवर कोणाच्या मनात आले नव्हते.

दुसऱ्या काही प्रकारांनी होस्ट्स नावाच्या जुन्या फायलीत फेरफार करून प्रसिद्ध शोधयंत्रांची नावे आपल्या पत्त्यांना बांधली. काहींनी ‘विनसॉक’ या, सर्व आज्ञावल्यांना जाळ्याशी जोडणाऱ्या, साखळीत स्वतःची कडी गुंफली. या कडीची गंमत नव्हे, तर क्रूरता अशी की, ती फाईल नुसती पुसून टाकली तर साखळीच तुटे आणि संगणकाचा जाळ्याशी संबंध संपे. म्हणजे औषध आणण्याची वाटही रोग जाताना सोबत घेऊन जाई. कितीतरी लोकांनी अपराधी फाईल बरोबर ओळखली, मोठ्या समाधानाने पुसली, आणि नंतर पूर्ण विंडोज नव्याने बसवले. या तुटलेल्या साखळीचे सांधे जुळवण्यासाठी ‘एलएसपी-फिक्स’ नावाचे एक चिमुकले साधन निर्माण झाले, आणि जाणकार मंडळी ते फ्लॉपीवर आधीच उतरवून घेतल्याखेरीज त्या कडीला हात लावीत नसत.

२००४ मधील ‘अबाउट ब्लँक’चा प्रकार मात्र सर्वांत दुर्धर. कोऱ्या पृष्ठाच्या जागी शोधाचे बनावट पृष्ठ येई. ज्या डीएलएलमधून ते येई ती पुसली तर नव्या नावाने दुसरी उगवे. आणि ती उगवणारी मूळ फाईल काही केल्या दिसत नसे. रजिस्ट्रीत ‘ॲपइनिट डीएलएल्स’ नावाची एक नोंद आहे, आणि तीत जिचे नाव असेल ती फाईल खिडकी उघडणाऱ्या बहुतेक प्रत्येक आज्ञावलीत आपोआप शिरते. विंडोजच्या स्वतःच्या संपादकाने ही नोंद उघडली तर ती कोरी दिसे. तीच नोंद ‘रजिस्ट्रार लाइट’ या दुसऱ्या साधनाने उघडली तर तेथे फाईलचे नाव स्पष्ट लिहिलेले असे. एकाच दफ्तराच्या एकाच पानाविषयी दोन वाचकांच्या जबान्या भिन्न आल्या, आणि त्या भिन्नतेनेच चोराचे घर दाखविले. माझ्या समजुतीप्रमाणे ब्राउझरच्या चिकित्सेत रुजुवातीचे तत्त्व सामान्य माणसाच्या हाती आले ते येथे.

या साऱ्या प्रकारांची तिथिवार बखर ज्याने लिहून ठेवली तो नेदरलँड्समधील मेराइन बेलेकोम हा विद्यार्थी होता. कूलवेबसर्चसाठी त्याने ‘सीडब्ल्यूश्रेडर’ लिहिले. पण त्याची कीर्ती टिकली ती ‘हायजॅकधिस’ या साधनामुळे. या साधनाचे वैशिष्ट्य असे की ते काहीच निर्णय देत नसे. ब्राउझरवर व विंडोजच्या प्रारंभावर ज्या ज्या स्थानांतून ताबा मिळवता येतो त्या सर्व स्थानांतील नोंदी ते एका साध्या मजकुरात उतरवून देई, आणि अमुक चांगले की वाईट हे ठरवण्याचे काम वाचणाऱ्यावर सोपवी. प्रत्येक ओळीच्या आरंभी स्थानाची खूण असे: आरंभीचे व शोधाचे पृष्ठ ‘आर’ खाली, होस्ट्स फाईल ‘ओ १’ खाली, ब्राउझरची साहाय्यक अंगे ‘ओ २’ खाली, साधनपट्ट्या ‘ओ ३’ खाली, संगणकाबरोबर सुरू होणाऱ्या आज्ञावल्या ‘ओ ४’ खाली, विनसॉकच्या कड्या ‘ओ १०’ खाली, नावांचे पत्ते देणारे डीएनएस ‘ओ १७’ खाली. शैलीपत्रिकेच्या त्या प्रसंगाचे स्मारक म्हणून ‘ओ १९’ हा स्वतंत्र वर्गच त्या साधनात राहून गेला.

या नोंदीचे वाचन ही एक कला होती, आणि ती शिकवणाऱ्या स्वयंसेवकांच्या शाळा निघाल्या. त्यांत नवशिक्याने महिनोन्महिने जुन्या नोंदी सोडवाव्यात, ज्येष्ठाने त्या तपासाव्यात, आणि परवानगी मिळेपर्यंत कोणाही खऱ्या रोग्याला सल्ला देऊ नये असा शिरस्ता होता. हे सर्व फुकट चाले. ‘ओ २’ खालील दहा ओळींत आठ ओळी छपाईच्या, जावाच्या वा दस्तऐवज वाचण्याच्या आज्ञावल्यांच्या निरुपद्रवी असत. उरलेल्या दोहोंपैकी एकीचे नाव सोज्ज्वळ पण फाईल भलत्याच कप्प्यात, आणि दुसरीचे नावच अर्थहीन अक्षरांची रास, असे बारीक भेद डोळ्यांनी टिपावे लागत. चुकीची ओळ पुसली तर छपाईयंत्र बंद पडे किंवा जाळ्याचा मार्ग खुंटे; म्हणून पुसलेल्या प्रत्येक नोंदीची प्रत राखून ठेवण्याची दक्षता त्या साधनातच घेतलेली होती. ‘विनसॉक’च्या कड्या तर ते दाखवी, पण स्वतः तोडावयास नकार देऊन योग्य साधनाकडे बोट दाखवी. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. याच काळात ‘तुमचा संगणक बाधित आहे’ असे ओरडून पैसे उकळणाऱ्या बनावट उपचारकांचा सुळसुळाट झाला होता, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २००४ मध्ये अशा प्रकारचा जो पहिला दावा सॅनफर्ड वॉलेस याच्यावर लावला त्यातील आरोपही हाच होता की, आधी ब्राउझर बिघडवावयाचा आणि मग त्याच माणसाला ‘स्पाय वायपर’ नावाचे औषध विकावयाचे. हायजॅकधिसचे हक्क २००७ साली ट्रेंड मायक्रोकडे गेले आणि २०१२ साली त्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला करण्यात आला.

इतके होईतो लपणारे आणखी एक पायरी खाली उतरले होते. विंडोजच्या गाभ्यात शिरून फायली, कामे आणि नोंदी यांच्या याद्याच कापून देणारी ‘रूटकिट’ नावाची जात पसरू लागली होती. मार्क रुसिनोव्हिच आणि त्यांचे सहकारी ब्राइस कॉग्स्वेल यांनी २००५ च्या आरंभी ‘रूटकिट रिव्हीलर’ हे साधन प्रसिद्ध केले आणि त्यात जी युक्ती योजली ती म्हणजे रुजुवातीचे शुद्ध रूप होय: प्रथम विंडोजला विचारून चकतीवरील फायलींची यादी करावयाची, मग विंडोजला न विचारता चकतीवरील कच्च्या नोंदी थेट वाचून दुसरी यादी करावयाची, आणि दोहोंत जो फरक पडेल तेवढाच पुढे मांडावयाचा. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला रुसिनोव्हिच यांनी जाहीर केले की, या साधनाची परीक्षा घेत असता त्यांच्या स्वतःच्या यंत्रात छुप्या फायली आढळल्या, आणि त्या आल्या होत्या सोनी बीएमजीच्या विकत घेतलेल्या गाण्याच्या सीडीवरून. नक्कल रोखण्यासाठी घातलेली ती आज्ञावली एका ठरावीक उपसर्गाने आरंभ होणारे कोणतेही नाव यादीतून नाहीसे करी, आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या दुष्टांनी त्या आडोशाचा लाभ घेतला. दाम मोजून घेतलेली वस्तू घरात आणल्याबरोबर घराच्या खिडक्या आतून झाकते, हे लोकांना सहन झाले नाही, आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या.

पण दोन जबान्यांची ही रीतही अखेरची नव्हती. २००८ पासून पसरलेल्या ‘टीडीएसएस’ अथवा ‘अल्युरिऑन’ या रूटकिटची बाहेरून दिसणारी खूण एवढीच असे की, शोधाची उत्तरे अचूक येत, पण त्यांवर टिचकी मारली की भलतीकडे नेत. तिच्या तिसऱ्या आवृत्तीने चकती वाचणाऱ्या खालच्या चालकालाच, पुष्कळदा ‘एटापी’ या नावाच्या फायलीला, ग्रासले. त्यामुळे विंडोजला न विचारता चकती थेट वाचली तरी वाचणाऱ्याच्या हाती निर्दोष प्रतच येई. दोन्ही साक्षीदार एकाच्या मुठीत आल्यावर रुजुवात कशाची घेणार? तेव्हा १९९० ची स्वच्छ फ्लॉपी सीडीच्या रूपाने परत आली: यंत्र बाहेरच्या माध्यमावरून सुरू करावे, त्या अवस्थेत चालकाची फाईल वाचावी, आणि तिची आतून वाचलेल्या प्रतीशी तुलना करावी.

या रूटकिटने एकदा स्वतःच स्वतःला उघडे पाडले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या गाभ्याची एक दुरुस्ती दिली आणि लगोलग असंख्य एक्सपी संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबू लागले. दोष दुरुस्तीचा असावा असे सर्वांना वाटले, आणि तिचे वितरण थांबवण्यात आले. तपासाअंती दिसले की, गाभ्यातील विशिष्ट जागा रूटकिटने पाठ करून ठेवल्या होत्या; दुरुस्तीने त्या हलल्या, आणि ती अंधारात चुकीच्या जागी पाऊल टाकून यंत्रासकट कोसळली. ज्यांना आपला संगणक निरोगी वाटत होता अशा हजारोंना आपण कोणाला पोसत होतो ते त्या आठवड्यात कळले. रूटकिटच्या कर्त्यांनीही अल्पावधीत आपली चूक सुधारून नवी आवृत्ती पाठविली.

अल्युरिऑनच्याच हातून पुष्कळ ठिकाणी आणखी एक काम करवून घेतले जाई, आणि त्याची कथा एस्टोनियातील टार्टू या विद्यापीठनगरीत उघडकीस आली. तेथील ‘रोव्ह डिजिटल’ या पेढीने ‘डीएनएसचेंजर’च्या द्वारे संगणकांचे, आणि जेथे कारखान्याने घातलेला संकेतशब्द बदललेला नसे तेथे राउटरचेही, डीएनएस पत्ते बदलून आपल्या ताब्यातील यंत्रांकडे वळविले, म्हणजे ब्राउझरने कोणत्याही नावाचा पत्ता विचारावा तर उत्तर यांच्याकडून यावे. ब्राउझर निर्दोष, संगणकाच्या फायली निर्दोष, आणि तरीही वाट चुकलेली, हा प्रकार दुरुस्ती करणाऱ्यांना चक्रावून टाकणारा होता. घरातले तीन संगणक एकदम एकाच रीतीने वागू लागले तर दोष तिघांच्या समाईक वाटेवर शोधावा, हा नियम त्यांनी यातूनच पक्का केला. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘ऑपरेशन घोस्ट क्लिक’ जाहीर केले: ४० लाखांहून अधिक संगणक, शंभराहून अधिक देश, किमान १ कोटी ४० लाख डॉलरची कमाई आणि सहा एस्टोनियन आरोपी. ती यंत्रे एकाएकी बंद करावीत तर सर्व बाधितांचे जाळे तत्क्षणी आंधळे झाले असते. म्हणून न्यायालयाच्या हुकुमाने त्यांच्या जागी शुद्ध उत्तरे देणारी यंत्रे बसविण्यात आली आणि लोकांना सावध होण्यास मुदत देण्यात आली. मुदत एकदा वाढवून अखेर ९ जुलै २०१२ रोजी ती बंद झाली तेव्हाही दोन लाखांहून अधिक यंत्रे तशीच उरली होती. टोळीचा म्होरक्या व्लादिमीर त्सास्त्सिन याला २०१६ साली सात वर्षे तीन महिन्यांची कैद झाली.

मध्यंतरी ब्राउझरही बदलत होते. २०१५ साली आलेल्या एज ब्राउझरने ॲक्टिव्हएक्स आणि साहाय्यक अंगे या दोन्ही व्यवस्थांना दार बंद केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मात्र असे उघड झाले की, लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत कारखान्यातूनच बसविलेली ‘सुपरफिश’ ही जाहिरात-आज्ञावली स्वतःचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू यादीत घालून ठेवते आणि बँकेच्या सुरक्षित पृष्ठांवरही मध्येच उभी राहते. सर्व यंत्रांत गुप्त किल्ली एकच होती, आणि तिचा संकेतशब्द रॉबर्ट ग्रॅहॅम या संशोधकाने थोड्याच अवधीत काढून दाखविला. कुलपाचे चिन्ह ठीक, पत्ता ठीक. पण चिन्हावर टिचकी मारून प्रमाणपत्र कोणी दिले ते वाचले तर तेथे बँकेला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेऐवजी सुपरफिशचे नाव निघे. येथेही दुसरी जबानी हाताशी होती. ती वाचावयाची सवय मात्र कोणाला नव्हती.

आज वस्ती आहे ती मुख्यतः विस्तारांत, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या अधिकृत भांडारातून येणाऱ्या जोडांत. क्रोमने २०१० च्या आरंभी ते सर्वांसाठी खुले केले, आणि मे २०१४ पासून विंडोजवर भांडाराबाहेरचे विस्तार नाकारण्यास आरंभ केला. त्यावर शोधलेली वाट अशी की, चांगला, लोकप्रिय विस्तार त्याच्या कर्त्याकडून विकत घ्यावा आणि मग अद्ययावत आवृत्तीच्या मिषाने हवे ते आत पाठवावे. २०१४ च्या जानेवारीत ‘ॲड टू फीडली’चे असे झाले. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हा वीस लाखांहून अधिक लोकांचा विस्तार २०२० साली हातबदल होऊन फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने घातक ठरवून एका क्षणात बंद केला, आणि ज्यांची पाने त्याने निजवून ठेवली होती त्यांना ती इतिहासाच्या यादीतून एकेक करून शोधावी लागली. दुसरी वाट धोरणांची: मोठ्या कचेऱ्यांना आपल्या सर्व संगणकांवर एखादा विस्तार सक्तीने बसवता यावा म्हणून रजिस्ट्रीत जी तरतूद आहे तिचा उपयोग करून घरच्या संगणकावर विस्तार लादला जातो, आणि तो काढण्याचे बटण निष्प्राण होते. घरच्या ब्राउझरच्या यादीच्या तळाशी ‘हा ब्राउझर आपल्या संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे’ अशा अर्थाची ओळ दिसली, आणि घरात कोणतीही संस्था नसली, तर तपासाला तेथून आरंभ करावा.

क्रोमने २०१५ पासून आपल्यासोबत ठेवलेले साफसफाईचे साधन मार्च २०२३ मध्ये बंद केले, आणि हायजॅकधिसच्या वारशाने चालणाऱ्या ‘फारबार’सारखी नोंद करणारी साधने आता जाणकारांच्या हाती आहेत; ती विंडोजच्या आतून चालतात तशीच बाहेरच्या दुरुस्तीच्या अवस्थेतूनही चालतात, म्हणजे दोन्ही जबान्या एकाच नमुन्यात मिळतात. एक नवी नोंद या मंडळींच्या कार्यक्रमात अलीकडे भरली आहे. संगणक धुऊन स्वच्छ केला, विंडोज नव्याने बसविले, धोरणे पुसली, राउटर तपासला, आणि मालकाने आपल्या खात्यात प्रवेश करताच तोच विस्तार पुन्हा हजर झाला, असे अनेकांच्या बाबतीत घडते. कारण विस्तारांची यादी खात्याबरोबर दूरच्या यंत्रात जपून ठेवलेली असते, आणि घरातल्या दुसऱ्या संगणकावर तो अजून नांदत असतो. म्हणून ते प्रथम सर्व यंत्रांवरील समक्रमण थांबवतात, मग प्रत्येक यंत्रावरील विस्तारांची यादी निराळी उतरवून घेतात आणि त्या याद्या एकमेकींशी ताडून पाहतात.